सातमाळेच्या आडची घळ

शुक्रवार

नाशिकमधल्या चढाईवाल्यांची गाडी सवयीने पश्चिमेला वळते. अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर आणि अंगात फारच आलं तर अलंग-मदन-कुलंग. आम्ही मात्र नाशिकच्या द्वारका चौकावरून आग्रा रोडला लागलो आणि आडगाव, ओझर, पिंपळगाव करत पूर्वेकडे निघालो. निमित्त भाच्याचं. तो कॅलिफोर्नियात नोकरीला असतो. रजेवर आल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं, "मावशी, आपल्याकडे एखादी कोरडी घळ नाही का गं? बोल्ट मारलेली, माणसांपासून लांब?" बोल्ट म्हणजे कातळात भोक पाडून ठोकलेला धातूचा खिळा; चढताना दोर त्यात अडकवत जायचं.

दादांनी ते ऐकलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. दादा आमच्यापैकी कुणाच्याच नात्यातले नाहीत, पण नाशिकमध्ये दोराला हात लावणाऱ्या दोन पिढ्यांचे ते दादाच. "आहे," ते म्हणाले, "पण पाणी घरून न्यायचं आणि मी सांगेन तिथेच चढायचं."

तर दादा, भाचा, पक्ष्यांचं वेड असलेली एक बँकवाली, एक डॉक्टर आणि मी. डॉक्टर दातांचे आहेत. कुणी उंचावरून पडण्याबद्दल विचारलं की ते हे आधी सांगून टाकतात. गाडीत सत्तर मीटरचा दोर, क्विकड्रॉ (बोल्टमध्ये दोर अडकवायच्या कड्यांच्या जोड्या), हेल्मेटं, बॅटरीवर चालणारं ड्रिल आणि पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार कॅन. वजन सगळ्यात जास्त कॅनचंच.

पाऊस एकाच जिल्ह्यात किती दुजाभाव करतो ते या रस्त्यावर दिसतं. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. ढगांचं ओझं सह्याद्रीवरच उतरतं, पुढे येतात ते बहुतेक रिकामे ढग. फेब्रुवारीत ओझर-पिंपळगावला द्राक्षांचा हंगाम भरात असतो. क्रेट लादलेल्या पिकअप रस्ताभर. वडाळीभोई मागे पडली की मांडव विरळ होतात, मग कांदा, मग हरभऱ्याची पिवळी रानं आणि बाभळी.

वडाळीभोईवरूनच डावीकडे धोडप दिसतो. त्याच्या माथ्याजवळची ती सरळसोट भिंत आणि तिच्यातली खाच लांबूनही चुकत नाही. ती भिंत म्हणजे डाईक: आधी थंड झालेल्या लाव्ह्याच्या थरांना भेग पडली, त्या भेगेत खालून नवा लाव्हा घुसला आणि उभाच गोठला. आजूबाजूचा दगड झिजला, हा उरला. भाचा फोटो काढत होता. दादा म्हणाले, "फोटो नंतर. आधी सांग, खाच का पडली असेल?" असे प्रश्न ते आयुष्यभर विचारत आले आहेत आणि उत्तर मात्र सांगत नाहीत.

चांदवडला रेणुकामातेला खालूनच हात जोडले आणि उजवीकडे मनमाडचा रस्ता धरला. मनमाडात चहा. मनमाड ओलांडलं की अनकाई-टनकाई किल्ल्यांची जोडी आणि तिच्या शेजारच्या रांगेत हडबीची शेंडी हा सुळका समोर येतो. ट्रेकवाली पोरं तिला थम्स-अप म्हणतात आणि रेल्वेतले प्रवासी खिडकीतून ओळखतात. जानेवारी २०२२मध्ये तिथे दोन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. ती दिसल्यावर दादांनी गाडीतलं गाणं बंद केलं आणि शेंडी मागे पडेपर्यंत कुणी काही बोललं नाही.

घळीचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. हरिहरच्या पायऱ्यांचे व्हिडिओ फिरले आणि शनिवार-रविवारी तिथे काय रांगा लागतात ते नाशिककरांना सांगायला नको. इथे तेवढी माणसं आली तर पहिल्याच दिवशी पाणी संपेल. एवढं सांगते की सातमाळेची रांग अजिंठ्याकडे सरकते त्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून आत, बैलगाडीच्या वाटेने गेलं की एक सुकलेला ओढा लागतो आणि तो ओढा उलटा चढत गेलं की ही घळ. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती अगदी तोंडाशी पोचेपर्यंत दिसत नाही. माळ सपाट दिसत असतो आणि एकाएकी पायाखाली पंचवीस-तीस मीटरची दरी.

वनरक्षकांशी दादांचं फोनवर आधीच बोलणं झालं होतं. गावात पोलीस पाटलांना भेटलो, मुक्कामाचं सांगितलं. ओढ्याकाठी शेळ्या घेऊन एक बाबा बसले होते. आमच्या पाठीवरचा दोर बघून त्यांनीच विचारलं.

"कुढून आले?"

"नाशिकहून, बाबा."

"मंग चढाया आले आसन." त्यांनी काठी वर केली. "त्या डाव्या अंगाला जाऊ नका. दिवाळीपासून आग्या बसलाय तिढं."

आग्या मोहोळ. दादांनी बाबांना बरोबर घेतलं आणि उजेड होता तोवर दोघं मिळून घळीभर फिरून आले. परत आल्यावर दादांनी वहीत घळीचा नकाशा काढला आणि त्यावर तीन रेघोट्या मारल्या: इथे मोहोळ, इथे मोहोळ, इथे गेल्या पावसाळ्यात दरड आली आहे. भाच्याच्या फोनमध्ये मार्गांची यादी होती, प्रत्येकापुढे काठिण्याची फ्रेंच श्रेणी, ५सीपासून ७ए पर्यंत; आकडा आणि अक्षर वाढेल तसा मार्ग अवघड. दादांच्या नकाशावर श्रेणी कुठेच नव्हती. पुढचे दिवस आम्ही दादांच्या वहीवर काढले.

शनिवार

सकाळी थंडी चांगली बोचरी होती. फेब्रुवारीत या भागात पहाटे स्वेटर आणि दुपारी टोपी, दोन्ही लागतं. घळ साधारण उत्तर-दक्षिण आहे. पूर्वेकडची भिंत सकाळी सावलीत असते आणि दुपारनंतर तापते; पश्चिमेकडच्या भिंतीचं उलटं. म्हणजे सकाळी पूर्वेची, चारनंतर पश्चिमेची आणि मधले तास घळीच्या तोंडापाशी असलेल्या कपारीत लोळायचे. काळा बेसॉल्ट उन्हात इतका तापतो की बोटं टेकवत नाहीत. घाम आला की चॉकही (पकडीसाठी हाताला लावतात ती पांढरी पूड) फसतं आणि पकड सुटते.

तळाशी ओढ्याचं पात्र कोरडं ठणठणीत. पण निघोजला कुकडीच्या पात्रात आहेत तसे रांजणखळगे इथेही आहेत, लहान. वाहत्या पाण्यात गोटे गरगर फिरून त्यांनीच खडक कोरलेला. एका खळग्यात अजून पाणी होतं, हिरवं, वर पाणकिडे. बँकवालीने तिथे बसून सकाळभर काय काय टिपलं ते तिची तिलाच माहीत. आम्हाला फक्त "हळू बोला" एवढंच ऐकू यायचं.

भिंत वाचायला शिकवावी तर दादांनीच. खालचे सात-आठ मीटर घट्ट, काळा, ताशीव कातळ. त्याला भेगा कमी, कडा धारदार. बोटांच्या टोकांवर उभं राहायचं. त्यावर हातभर जाडीचा तांबडा थर. एक लाव्हा थंड झाला, पुढचा यायला बराच काळ गेला, मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून माती झाली आणि नव्या लाव्ह्याने ती भाजली, असा तो थर. नखाने खरवडला तरी भुगा पडतो. त्याच्यावर मांजऱ्या खडक, म्हणजे फुगे गोठून राहिलेला बेसॉल्ट. फुग्यांच्या पोकळ्यांत नंतर पांढरे स्फटिक धरले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड स्टिल्बाइट आणि अपोफिलाइट बघायला लोक तिकीट काढतात. इथे त्यांच्याच जातभाईंनी बोटं कापली. दख्खनचा हा सगळा पसारा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, एकावर एक थर. चढणाऱ्याला त्यातली वर्षं नाही कळत. खालच्या थरात पाय विश्वासाने टाकायचा, तांबड्यात अजिबात नाही आणि वरच्यात प्रत्येक पोकळीत बोट घालण्याआधी आत बघायचं, कारण पाली आणि विंचवांनाही त्या पोकळ्या आवडतात.

चढाईआधी बोल्ट. नवे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, त्यांवर शिक्के होते. बाजूने ओढला तर किमान २५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने अडीच टन वजन सोसेल असा युरोपीय मानकाचा बोल्ट. पण ते आकडे कारखान्यातल्या चाचणीचे. इथे बोल्ट कुणी मारला, भोक नीट साफ केलं होतं का, भोवतीचा दगड पोकळ आहे का, हे शिक्का सांगत नाही. दादा हातोडीने बोल्टभोवती ठोकत जातात. ठणठण आवाज आला तर पुढे. बद्द आला तर त्या मार्गावर फुली. बोल्टवरची, दोर अडकवायची पट्टी हाताने फिरते का बघायचं, फिरली तर पान्याने नट आवळायचा, आवळूनही फिरतच राहिली तर तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. काही बोल्ट जुने, साध्या लोखंडाचे. त्यांतून गंजाचे ओघळ कातळावर उतरले होते. कोरड्या हवेत लोखंड टिकतं असं वाटतं, पण पावसाळ्यातले तीन-चार महिने भिंतीवरून पाणी झिरपतं आणि नेमकं बोल्टच्या भोकात साचतं. वरून ठीक दिसणारा बोल्ट आतून खाल्लेला असू शकतो.

पहिला मार्ग सोपा होता, हात मोकळे करण्यापुरता. दुसऱ्यावर भाचा चढायच्या तयारीत असतानाच बँकवालीने खालून दोन्ही हात हलवले. मार्गाच्या मध्यावर, उजवीकडे, एका फळीवर शृंगी घुबड. डोळे नारिंगी, कान उभे, आणि जागचं हलायला तयार नाही. हा त्यांच्या विणीचा काळ. कड्याच्या फळीवर, काटक्या न रचता, उघड्या मातीवरच अंडी घालतात. आम्ही दोर गुंडाळला. भाच्याला तोच मार्ग हवा होता, यादीत त्यापुढे तीन तारे होते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दादांकडे. दादा दुसऱ्या मार्गाच्या पायथ्याशी पोचलेही होते.

मग त्या दिवसाची खरी चढाई, ६बी श्रेणीची. खालचा काळा टप्पा मला जमतो. बोटांची टोकं, पायाच्या अंगठ्याची कड आणि श्वास. अवघड आहे तो तांबडा थर. तिथे बोल्ट मारता येत नाही, मातीत काय मारणार? म्हणून थराच्या खाली एक आणि थर ओलांडून वर एक, आणि मधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त. खालच्या बोल्टपाशी थांबून वरच्या मांजऱ्यात हात घालायचा, तांबड्याला स्पर्श न करता पाय काळ्याच्या शेवटच्या कडेवर जितके वर येतील तितके आणायचे आणि मग एका झटक्यात उभं राहायचं. पाय तांबड्यावर घासला की भुगा खाली बिले करणाऱ्याच्या, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याच्या, हेल्मेटवर. डॉक्टर बिले करत होते. त्यांचं हेल्मेट संध्याकाळपर्यंत विटकरी झालं.

थर ओलांडून वरचा बोल्ट क्लिप केला तेव्हा मी काहीतरी ओरडणार होते, पण मोहोळांचा नियम होता: या भिंतीवर आरडाओरडा नाही. 'दोर दे', 'घट्ट धर', सगळं दोराला झटके देऊन. आग्या माश्यांना आवाज, अत्तराचा वास, धूर, वर हलणारी सावली, काहीही पुरतं आणि एक डसली की तिच्या वासाने बाकीच्या येतात. दोरावर लटकलेल्या माणसाला पळायलाही जागा नसते. सह्याद्रीत चढाईतल्या अपघातांच्या गोष्टी निघाल्या की पडण्याइतक्याच मोहोळांच्या निघतात. म्हणून सकाळी तेलही कुणी सुवासिक लावलं नव्हतं, आणि बँकवालीने डॉक्टरांच्या पिशवीतला डिओ गाडीत ठेवून कुलूप लावलं होतं.

भाचा त्याच मार्गावर वरच्या टप्प्यात सुटला. सुटला म्हणजे मुद्दाम हात सोडल्यासारखाच; तीन-चार मीटर खाली येऊन दोरावर झुलला, हसला आणि पुन्हा चढू लागला. दादांना ते पाहवेना.

दुपारी कपारीत भाकरी सोडताना विषय निघालाच. दादांच्या उमेदीच्या काळात बोल्ट हाताने मारायचे. एका हातात पंच, दुसऱ्या हातात हातोडी, आणि बेसॉल्टमध्ये एक भोक पाडायला अर्धा तास सहज जायचा. तेही कुठेतरी एका पायावर उभं राहून. त्यामुळे बोल्ट मारायचा तो दुसरा काही उपायच उरला नाही तर. आणि त्या बोल्टवर पडायचं नाही. "आम्ही पडायला चढत नव्हतो," दादा म्हणाले. "तुमचं हे म्हणजे दर दोन मीटरला बोल्ट, आणि पडा मजेत."

"पण दादा, पडायला भीत राहिलो तर माझ्या कुवतीच्या वरचं मी कधी चढूनच बघणार नाही," भाचा म्हणाला. "सुळक्यावर वर पोचणं महत्त्वाचं. इथे वर काहीच नाही, वर ज्वारीचं शेत आहे. इथे हालचाल महत्त्वाची."

मला दोघांचंही पटतं आणि ही पळवाट नाही. सुळका चढताना मी दादांसारखी चढते आणि इथे भाच्यासारखी. फरक बोल्ट किती यात नाही, त्या बोल्टची खात्री किती यात आहे. दादा सकाळी हातोडी घेऊन फिरले नसते तर भाच्याला मजेत पडता आलं नसतं, हे भाच्याला कळलं असावं. दुपारनंतर हातोडी त्याच्या कमरेला होती. दादांनी मात्र शेवटपर्यंत एकदाही हात सोडला नाही. ६एचा मार्ग त्यांनी प्रत्येक पकड दोनदा तपासत चढला, तेवढ्याच निवांतपणे चढूनच खाली आले आणि दोरावर वजन पडू दिलं नाही.

ऊन उतरेपर्यंत भाच्याने त्याच्या तिकडच्या घळीची गोष्ट सांगितली. ओवेन्स रिव्हर गॉर्ज, पूर्व कॅलिफोर्नियात, बिशप गावाच्या वर. तीही पर्जन्यछायेतली, आपल्याकडे सह्याद्री तसा तिकडे सिएरा नेवाडा ढग अडवतो. खडकही ज्वालामुखीचाच, पण लाव्ह्याचा नव्हे, राखेचा. सुमारे ७ लाख ६० हजार वर्षांपूर्वी लाँग व्हॅलीत प्रचंड स्फोट झाला, तापलेली राख पसरली, स्वतःच्याच उष्णतेने आणि वजनाने चिकटून दगड झाली. त्यातून ओवेन्स नदीने घळ कापली. आपल्या बेसॉल्टच्या मानाने तो दगड कालचं पोर. पण त्यात कडा आणि पोकळ्या अशा जागच्या जागी की बोल्ट मारलेले शेकडो मार्ग तिथे झाले.

"आणि नदी?" बाबा शेळ्या घेऊन सावलीला येऊन बसले होते, त्यांनी विचारलं.

नदीची गोष्ट जास्त रंगली. लॉस एंजेलिसच्या पाणी आणि वीज खात्याने १९५०च्या दशकात नदीचं पाणी वीजनिर्मितीसाठी बोगदे आणि नळांत वळवलं. घळ कित्येक वर्षं कोरडी पडली. मग १९९१मध्ये एक मोठा नळ फुटला आणि पाणी पुन्हा घळीत आलं. त्यानंतर थोडं पाणी कायम सोडायचं ठरलं. झाडं आली, मासे आले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजी नळ फुटला तवाच पाणी मिळालं," ते म्हणाले. "आमचा कोन फोडनार?"

संध्याकाळी पश्चिमेच्या भिंतीवर थोडं चढलो, अंधार पडायच्या आत आटोपलं. जेवण गावात एका मावशींकडे: बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याची मठाची आमटी, ठेचा आणि रांगडा कांदा, फोडलेला. चुलीपुढे भाकरी थापता थापता मावशी आमच्या बोटांकडे बघत होत्या. बोटांना चिकटपट्ट्या. "पैसे देतं का कोन याचे?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी शांतपणे पुढची भाकरी तव्यात टाकली.

बाहेर ओट्यावर घरधन्यांची पाण्याची गोष्ट सुरू झाली ती झोप येईपर्यंत. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद, टँकरचे दिवस, आणि मांजरपाड्याची पाणी वळवायची योजना. पश्चिमेला वाहून जाणारं पाणी बोगद्यातून पुणेगाव धरणात आणायचं, तिथून दरसवाडी, तिथून डोंगरगाव, कालव्याने येवल्यापर्यंत. या भागात ही नावं लहान पोरालाही पाठ असतात. पाणी कुठवर आलं, कुणाच्या शिवारात अडलं, शेपटाला किती पोचलं, यावर ओट्यावर तीन मतं होती. आम्ही दिवसभर त्याच तहानलेल्या ओढ्याच्या भिंतीला लटकत होतो आणि ती कोरडी असल्याचं आम्हाला कौतुक होतं, हे मी तिथे काही बोलून दाखवलं नाही.

रविवार

आजचं मुख्य काम चढाई नव्हे, दुरुस्ती. घळ जिथे वळते त्याच्या पुढच्या टोकाला, मोहोळांपासून लांब, एका मार्गावरचा मधला बोल्ट पूर्ण गंजला होता. ड्रिलचा आवाज म्हणून पहाटेच्या गारव्यात, माश्या सुस्त असताना काम उरकायचं ठरलं. वरून दोर सोडून भाचा लटकला, दादा शेजारच्या दोरावर.

जुन्या भोकाला हात लावायचा नाही, त्यापासून वीतभर बाजूला नवं भोक. आधी हातोडीने दगड वाजवून जागा ठरवली. ड्रिल कातळाला काटकोनात. बॅटरीचं ड्रिल दोन-तीन मिनिटांत खोल गेलं आणि दादांनी नुसती मान हलवली. पंच-हातोडीचे अर्धे तास त्यांना आठवले असणार. मग खरी चिकाटी: भोकातली भुकटी. ब्रश घालायचा, पंपाने फुंकायचं, पुन्हा ब्रश, पुन्हा फुंकणं, पांढरी धूळ यायची थांबेपर्यंत. भुकटी राहिली तर बोल्टची पाचर दगडाला नीट धरत नाही. मग बोल्ट ठोकला, पट्टी चढवली, नट आवळला. दहा मिलिमीटरच्या बोल्टला सतराचा पाना लागतो. "बस, जास्त नको," दादा म्हणाले. आवळायच्या उत्साहात लोक आटेच खलास करतात.

काम होईतो ऊन आलं होतं. आता थोडं चढून घ्यावं म्हणून पूर्वेच्या भिंतीकडे आलो, तोच घळीच्या तोंडातून गाणं. चार-पाच पोरं, एकाच्या गळ्यात स्पीकर, दुसऱ्याच्या हातात ड्रोनचं खोकं. आम्ही हातवारे करायच्या आत बाबा कुठूनसे प्रकटले. ते ओरडले नाहीत. सरळ त्या पोराजवळ गेले, वर काठी केली आणि म्हणाले, "ती काळी पोळी दिसती का? तिला गानं आवडत न्हाई." पोराने वर पाहिलं. छतासारख्या कातळाखाली लोंबणारं, जवळजवळ हात-दीड हात लांबीचं मोहोळ, आणि त्याच्या पृष्ठभागावरून सरकणारी माश्यांची लाट. स्पीकर बंद झाला. ड्रोन खोक्यातून निघालाच नाही. ती पोरं नंतर कपारीत आमच्या शेजारी बसली, दोर-क्विकड्रॉची चौकशी केली, दोघांनी सोप्या मार्गावर दोराने चढूनही बघितलं. वाईट नव्हती पोरं. त्यांना एवढंच सांगितलं, फोटो टाका पण ठिकाण टाकू नका. ऐकतील की नाही, सांगता येत नाही.

शेवटच्या तासात बँकवालीने ५सी चढला, पहिल्यांदाच पुढे राहून, म्हणजे दोर स्वतः बोल्टमध्ये अडकवत. तिला वरच्या फळीवरून त्या घुबडाची जागा समोरून दिसली. खाली आल्यावर ती चढाईबद्दल काही बोललीच नाही. अंडी दोन आहेत की तीन, यावर मात्र डॉक्टरांशी वाद घालत बसली. डॉक्टरांना घुबडातलं काही कळत नाही, पण त्यांचं मत तीनला होतं.

सामान आवरताना घळीतला आमचा आणि आमचा नसलेलाही कचरा गोणीत भरला: चॉकची पाकिटं, चिकटपट्टीचे तुकडे, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या तरी पायातली एकच चप्पल. उरलेलं दीड कॅन पाणी मावशींकडे उतरवलं. जेवणाचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या; दादांनी ते घरातल्या नातीच्या हातात ठेवले आणि वाद मिटवला.

परतीला मनमाडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला थांबलो. गुप्तसर साहिबचा लंगर या रस्त्याने जाणाऱ्या ट्रकवाल्यांना आणि नांदेडच्या यात्रेकरूंना चांगला माहीत आहे, आम्हालाही. पुढे चांदवडपासून कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे रिफ्लेक्टर नाही, आणि अंधार पडत आलेला. खरं सांगायचं तर सगळ्या सहलीत मला भीती वाटली ती याच टप्प्यात.

कुणाला अशा कोरड्या घळींकडे जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये भिंत तापते, पावसाळ्यात ओढ्याला लोंढा येतो आणि पळायला जागा नसते. सोबत एक तरी असा माणूस असू द्या ज्याला बोल्ट वाजवून कळतात, आणि जवळचं मोठं रुग्णालय किती लांब आहे ते निघण्याआधी बघून ठेवा. आमच्या घळीतून माणूस खाली पडला तर त्याला डांबरी रस्त्यापर्यंत आणायलाच तास-दीड तास लागेल. दादांच्या गाडीत घडीचं स्ट्रेचर कायम असतं, आणि गावातली कुठली चार माणसं उचलायला येतील हेही त्यांनी पोलीस पाटलांना आधीच विचारून ठेवलेलं असतं.

पिंपळगावच्या टोलनाक्यावर रांगेत उभे असताना दादांनी वही काढली आणि हिशेब मांडला: डिझेल, बोल्ट-पट्ट्या, मावशींचं जेवण, टोल. पाच जणांत भागून प्रत्येकाचा आकडा सांगितला. मग पुढच्या पानावर लिहिलं: पश्चिम भिंत, वळणानंतरचा पहिला मार्ग, वरून दुसरा बोल्ट, पावसाळ्याआधी बदलणे. भाचा म्हणाला, "मी तिकडून स्टेनलेसचे चांगले पाठवतो." दादा म्हणाले, "पाठव. आणि सतराचा पानाही पाठव, माझा तुझ्या कमरेला आहे."